न्हाणीघरातल्या दरजा



आज आम्ही तुम्हांला एका अगदी बारीक गोष्टीविषयी सांगणार आहोत. न्हाणीघरात दोन फरश्यांच्या मध्ये फट असते. तिला आपण दरज म्हणतो. फरशीला कोणी टाइल म्हणतात, कोणी लादी म्हणतात. काही म्हणा. या दरजेत सिमेंटचा बारीक मसाला भरतात. दुकानात तो ग्राउट या नावाने पुडीत मिळतो.

तुम्ही म्हणाल, गुरुजींना दुसरा विषय मिळाला नाही काय? पण मंडळी, या दरजांनी आमचे एक पोते ज्वारी खाल्ले. ते कसे, ते ऐका.

आमच्या घरी लग्नकार्य होते. पाहुणे येणार म्हणून न्हाणीघराला नव्या फरश्या बसवल्या. गवंडी गावातलाच. लहानपणी आमच्याच शाळेत होता. दुसरीत शाळा सुटली त्याची. हात मात्र चांगला. आम्ही त्याच्या मागे घाई लावली. "अरे, आज संध्याकाळपर्यंत झालेच पाहिजे," असे दहा वेळा म्हटले. त्याने कंदिलाएवढ्या उजेडात दरजा भरल्या. मसाला लवकर पसरावा म्हणून पाणी जास्त घातले. काम झाले, पैसे दिले, तो गेला.

दोन महिन्यांनी दरजा खचल्या. कुठे खड्डा, कुठे भेग. बोट लावले की पीठ निघे. न्हाणीघराच्या मागे आमची धान्याची खोली आहे. तिथल्या भिंतीला ओल आली. भिंतीशी टेकलेल्या पोत्याला बुरशी धरली. ज्वारी गुरांनाही घालता येईना.

आम्ही रागावलो. पारावर चार लोकांत त्या गवंड्याला बोललो. "पैसे घेतलेस आणि राख भरून गेलास," असे म्हणालो. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात उभा.

"गुरुजी, आधी बघू तर खरं. मग काय बोलायचं ते बोला."

त्याने प्रथम नळाची खात्री केली. नळाच्या पाइपात पाणी ठेवले आणि दोन दिवस न्हाणीघर बंद ठेवले. ओल वाढली नाही. म्हणजे पाइप फुटलेला नव्हता. पाइप गळत असेल तर दरजा कितीही भरा, फुकट. मग त्याने एक रुपयाचे नाणे घेऊन प्रत्येक फरशीवर टकटक केले. भरीव फरशीचा आवाज टणक येतो. खाली पोकळ असेल तर बद्द आवाज येतो. तशी फरशी हलते, आणि हलत्या फरशीची दरज टिकत नाही. ती काढून पुन्हा बसवावी लागते. आमच्या दोन निघाल्या.

मग तो विचारू लागला. "गुरुजी, त्या रात्री पाणी वापरलं का?"

वापरले होते. पाहुणे रात्रीच आले. चार-पाच जणांनी अंघोळी केल्या. ओला मसाला निम्मा तेव्हाच वाहून गेला.

"आणि फरश्यांवरचे पांढरे डाग कशानं काढले?"

आता आमची मान खाली गेली. डाग जाईनात म्हणून आम्ही बाजारातून ॲसिडची बाटली आणली होती. दोनदा घासले. ॲसिड सिमेंटला खाते. डाग गेले, आणि दरजाही खाल्ल्या गेल्या.

ग्राउटची रिकामी पुडी माळ्यावर पडली होती. आम्ही ती काढून पाहिली. पाणी किती, किती वेळ थांबायचे, सगळे मागच्या बाजूला हिंदीत छापलेले. गवंड्याला वाचता येत नव्हते. आम्हांला येत होते. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, आणि सहा ओळींची पुडी वाचली नाही. त्या दिवशी आम्ही पुन्हा पारावर गेलो आणि त्याच लोकांना खरे काय ते सांगितले.

आता दुरुस्ती कशी केली ते सांगतो. हे काम आमच्या हातूनही झाले, म्हणजे तुमच्या हातून नक्की होईल.

पहिली गोष्ट, जुना मसाला खरडून काढायचा. कच्च्या मसाल्यावर नवा थर दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. लोखंड कापायच्या करवतीचे पाते घ्यावे, त्याला एका बाजूने फडके गुंडाळावे आणि दरजेतून पुढे-मागे चालवावे. निदान 3 मिलिमीटर खोल जावे. मिलिमीटर म्हणजे मुलांच्या पट्टीवरचे बारीक घर. तशी तीन घरे. घाई करू नये. पाते घसरले की फरशीची चकाकी उडते, आणि ती परत येत नाही. आम्हांला एका भिंतीला पूर्ण दिवस लागला. पाठ धरली, ते वेगळेच.

मग ब्रशाने धूळ काढायची. नाकाला फडके बांधावे. सिमेंटने कातडी भाजते, म्हणून हातात रबरी मोजे घालावे. डोळ्यांत गेले तर चोळू नये, भरपूर पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे.

मसाला कालवताना घमेल्यात आधी पाणी घ्यावे, मग पूड टाकावी. पाण्याचे माप पुडीवर असते, तेच धरावे. मसाला श्रीखंडासारखा घट्ट हवा. थापीवरून ओघळला तर तो पातळ झाला असे समजावे. कालवल्यावर दहा मिनिटे तसाच ठेवावा आणि पुन्हा एकदा ढवळावा. अर्ध्या तासात संपेल इतकाच कालवावा. घट्ट होऊ लागला म्हणून वरून पाणी घालू नये. आमच्या गवंड्याने पहिल्या वेळी नेमके हेच केले होते. नुसते पांढरे सिमेंटही भरू नये. ते वाळताना आकसते आणि भेगाळते. दरज 3 मिलिमीटरहून रुंद असेल, तर बारीक वाळू मिसळलेले ग्राउट मागावे.

दरजा ओल्या फडक्याने जरा ओलसर कराव्या. पाणी साचू देऊ नये. मग रबराच्या थापीने मसाला दाबून भरायचा. थापी तिरकी चालवावी. दरजेच्या सरळ रेषेत ओढली तर भरलेला मसाला पुन्हा उकरला जातो. थापी नसेल तर जुन्या रबरी चपलेचा तळ कापून घ्यावा. आमच्या घरी तसेच केले. सौभाग्यवतींनी चपलेचा दुसरा पाय अजून जपून ठेवला आहे, तो कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

एका वेळी चार हात जागाच भरावी. पंधरा-वीस मिनिटांनी मसाला जरा आवळला, की स्पंज ओला करून घट्ट पिळावा आणि फरश्या पुसाव्या. पुसणेही तिरकेच. स्पंजातून पाणी टपकले, तर मसाला निघालाच म्हणून समजा. दोन-तीन तासांनी फरशीवर पांढुरकी धूळ येते. ती कोरड्या फडक्याने त्याच दिवशी पुसून टाकावी. म्हणजे पुढे ॲसिडची आठवण होत नाही. शहाबादी फरशी किंवा संगमरवर असेल तर ॲसिडच काय, लिंबूसुद्धा लावू नये. दगड खाल्ला जातो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. कोंदट न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

पहिले 24 तास थेंबभर पाणी नको. नंतर तीन दिवस दरजांवर सकाळ-संध्याकाळ ओला फडका फिरवावा. त्याने सिमेंट पक्के होते. ते दिवस आमचे घर विहिरीवर अंघोळीला गेले. सुनेने नाक मुरडले, पण गेली.

भिंत आणि जमीन जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट भरू नये. तिथे थोडी हालचाल होतच असते, आणि सिमेंट तडकते. तिथे नळीतून मिळणारे सिलिकॉन भरतात. ते रबरासारखे लवचिक असते. कोपरा पूर्ण कोरडा करून मगच भरावे. हे गवंड्याने केले, आम्ही नुसता दिवा धरला.

आठ दिवसांनी त्याने दरजेवर पाण्याचे थेंब टाकून दाखवले. पूर्वी थेंब टाकताच दरज काळी पडून पाणी पिऊन टाकत असे. आता ते थेंब काही वेळ वर उभे राहिले. धान्याच्या खोलीची भिंत वाळायला मात्र पुढचा उन्हाळा लागला. तोवर पोती आम्ही फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवली. ती अजून तशीच आहेत.