आपली जमीन पायांनी ओळखू या

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





बक्षीस समारंभास आलेल्या पाहुण्याने गुणवंतांचे कौतुक करावे आणि इतरांना अभ्यासाचा उपदेश करून खाली बसावे, असा रिवाज आहे. ज्यांनी बक्षिसे मिळविली त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. उपदेश मात्र आज वेगळा करणार आहे. गुणपत्रिकेत ज्याला रकाना नाही अशा एका विषयाकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. वडिलांच्या इंतकालानंतर जमिनीच्या वाटणीसाठी मी गावी गेलो. हातात सातबाराचा उतारा होता, त्यावर आमचे नाव होते, क्षेत्र होते, आकार होता. पण वरकस जमिनीत उभा राहिलो तेव्हा आमची हद्द कोठे संपते हे मला दाखविता येईना. कागद वाचता येत होता, जमीन वाचता येत नव्हती. शेवटी शेजारच्या वाडीतली एक म्हातारी पुढे आली. तिने आमच्या कुणग्यांत कित्येक वर्षे लावणी केली होती. पडलेला गडगा, पऱ्याचे वळण आणि एक जुना आईन यांच्या खुणेवरून तिने चारी बाजू चालून दाखविल्या. तो आईन माझ्या वडिलांनी मुद्दाम राखला होता, हेही मला तिच्याकडूनच कळले. मी शिकलेला आणि ती निरक्षर, असे आम्ही दोघे त्या दिवशी उभे होतो. खरा निरक्षर कोण होता, हे आपणच ठरवा.

पालकहो, ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. कोकणातल्या आपल्या कित्येक घरांतील कर्ते पुरुष मुंबईस किंवा आखातात असतात. त्यांच्या कमाईवर घरे उभी राहिली, मुले शिकली, याबद्दल अल्लाहचे आभार मानावे तेवढे थोडे. परंतु ह्याच काळात गावच्या जमिनीची ओळख तुटत गेली. कोणत्या झऱ्याला मेपर्यंत पाणी असते, खाजणाचा बांध कोठे फुटतो, कोणते झाड कशाच्या कामाचे, हे जाणणारी पिढी एकामागून एक कबरस्तानात जात आहे. ज्याला आपली जमीन ठाऊक नाही तो ती राखू शकत नाही. तो ती न पाहताच विकतो, आणि काय विकले हेही त्याला कळत नाही.

यावर उपाय काय? माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या संस्थेने दरवर्षी मुलांच्या निसर्गफेऱ्या काढाव्यात. सहल म्हटली की बस, गाणी आणि फोटो एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. मी म्हणतो ती फेरी तशी नव्हे. जाणत्या माणसाबरोबर आपल्याच गावची चार मैल जमीन हळूहळू चालायची, थांबायचे, पाहायचे, विचारायचे, आणि परत आल्यावर पाहिलेले वहीत उतरवायचे.

जाणता माणूस मुलाचे आयुष्य कसे बदलतो, याचे उदाहरण आपल्याच समाजात आहे. डॉ. सालीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. लहानग्या सालीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्याने विचारले. मामांनी त्याला गप्प बसविले नाही. चिठ्ठी देऊन १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी त्या पोराला पक्ष्याचे नाव सांगितले, खणामागून खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढे १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली ते निवर्तले तेव्हा सारे जग त्यांना ओळखत होते. एका मामाने प्रश्नाची कदर केली आणि एका अनोळखी गृहस्थाने अर्धा तास दिला, ही त्याची सुरुवात.

त्यांचे एक महत्त्वाचे संशोधन तर आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीम येथे झाले. १९३० च्या सुमारास त्यांनी तेथे सुगरण पक्ष्यांचे दिवसच्या दिवस निरीक्षण केले. आपण 'सुगरण' म्हणतो, पण घरटे विणतो तो नर. अर्धे घरटे झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीने पसंत केले की नर ते पुरे करतो, ती आत अंडी घालते आणि हा महाशय शेजारी दुसरे घरटे विणायला लागतो! विद्यार्थ्यांनो, पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या फांदीला अशी घरटी तुम्ही शेकडो वेळा पाहिली असतील. टोपीसारखे अर्धवट घरटे तसेच लोंबकळत राहिलेले दिसले तर समजा, ते कोणाच्या पसंतीस उतरले नाही. हे पाहायला दुर्बीणही लागत नाही, फक्त तासभर गप्प बसावे लागते.

आता आपल्या भागातल्या दोन फेऱ्या सांगतो.

पहिली खाडीची. तिची वेळ ठरविण्यास आपल्या घरातले हिजरी कॅलेंडर पुरे. चांद दिसल्यानंतरचे दोन-तीन दिवस आणि चौदा-पंधरा तारखेच्या आसपास उधाण असते, सात-आठ आणि एकवीस-बावीसच्या सुमारास भांग. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते. सतरा-अठरा तारखेस आपल्या किनाऱ्यावर ओहोटी सकाळी आठ-नऊच्या सुमारास पडते. ती वेळ मुलांना नेण्यास उत्तम. जो मुलगा रमजानच्या चांदाची वाट पाहतो त्याला त्याच चांदाने खाडीचे पाणी चढते-उतरते हे दाखविले, तर भूगोलाचा धडा तो जन्मात विसरणार नाही. काठावर तिवराचे पान चाटून पाहू द्या, ते खारट लागेल, कारण तिवर खारे पाणी पिऊन जास्तीचे मीठ पानावाटे बाहेर टाकतो. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या मुळ्या हवा घेण्यासाठी असतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे होऊन मग चिखलात पडते. याच मुळ्यांच्या आडोशाने कोळंबीची आणि कुर्ल्यांची पिल्ले वाढतात. आपल्या ताटातल्या कालवणाचे मूळ ह्या चिखलात आहे, हे कळल्यावर मूल तेथे कचरा टाकायला धजणार नाही. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली, २०१२ साली शासनाने कांदळवन कक्ष स्थापन केला. पण कायद्याचा पहारेकरी प्रत्येक खाडीवर उभा राहू शकत नाही. गावचे पोर राहू शकते.

दुसरी फेरी सड्याची, ऑगस्ट-सप्टेंबरमधील. जांभ्या दगडाचा सडा उन्हाळ्यात भाजलेल्या तव्यासारखा दिसतो, म्हणून आपण त्याला पडीक म्हणतो. पावसात तेथे फुलांचे गालिचे पसरतात. तेथल्या उथळ मातीत नत्राचा तुटवडा असतो. म्हणून दवबिंदूसारखी चिमुकली वनस्पती आपल्या चिकट पानांवर किडे पकडते आणि सीतेची आसवे नावाची निळी-जांभळी फुलझाडे पाण्यातल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतात. ह्याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रे कोरली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी आणि कशेळी येथे कातळावर हत्ती कोरलेले आहेत. रत्नागिरीच्या हौशी अभ्यासकांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारून ही कातळशिल्पे उजेडात आणली आणि २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांना युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत स्थान मिळाले. गुराख्यांना ती आधीपासून ठाऊक होती. आम्ही शिकलेल्यांनी विचारले नव्हते, इतकेच.

फेरीनंतर शाळेत एक दिवस कार्यशाळा घ्यावी. गळून पडलेली पाने दाबून वहीत लावणे, गावचा नकाशा काढून त्यात विहिरी, झरे, पऱ्ये आणि जुनी झाडे दाखविणे, आजी-आजोबांना विचारून प्रत्येक जागेचे नाव लिहिणे. दहा वर्षे हे काम झाले तर गावाचे असे दप्तर तयार होईल की जे कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. मार्गदर्शक म्हणून विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर मच्छीमार, शेतकरी, गुराखी, वैदू यांना बोलवा. ते कोणत्याही जातीधर्माचे असोत, त्यांना सन्मानाने खुर्ची द्या आणि दिवसाची मजुरीही द्या.

पालकांच्या मनात तीन शंका येतील याची मला कल्पना आहे.

पहिली, अभ्यासाचे नुकसान होईल. वर्षातून चार सकाळी गेल्याने दहावीचा निकाल बुडत नाही. उलट जे मूल पाहायला आणि नोंद करायला शिकते, त्याला विज्ञान पाठ करावे लागत नाही.

दुसरी, याचा दीनशी काय संबंध? कुरआन शरीफमधील काही सूऱ्यांची नावे आठवून पाहा. नहल म्हणजे मधमाशी, नम्ल म्हणजे मुंगी, अनकबूत म्हणजे कोळी, फील म्हणजे हत्ती. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, ही नबींची शिकवण आपण मुलांना सांगतोच. पण ज्याला झाडच ओळखता येत नाही तो कोणते लावणार?

तिसरी शंका मुलींची, आणि खरे तर येथेच घोडे अडते. संमतीपत्रे परत येतात तेव्हा मुलींची कोरी अधिक असतात, असा शिक्षकांचा अनुभव आहे. मी आपल्या काळजीची थट्टा करणार नाही. मुली खाडीवर जाणार तर बरोबर शिक्षिका हव्यात, पायांत बूट हवेत, डोक्यावर टोपी किंवा ओढणी हवी, पाण्याची आणि जुहरच्या नमाजची सोय हवी. ही व्यवस्था करणे संस्थेचे कर्तव्य आहे. पण मग आपणही एक पाऊल पुढे या. आयांनो, तुम्ही स्वतः बरोबर चला. तुमच्यापैकी कित्येकींना कोणती रानभाजी कोणत्या नक्षत्रात उगवते हे ठाऊक आहे. ते तुमच्याबरोबर संपू देऊ नका. पुरुष परमुलखात असताना घर आणि जमीन सांभाळते ती बाई. तिलाच जमीन दाखवायची नाही, हा कोणता न्याय?

अध्यक्ष महोदय, आपल्याला माझी विनंती आहे की येत्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत ह्या फेऱ्यांच्या तारखा आताच घालाव्यात. पालकांना विनंती आहे की संमतीपत्र घरी येईल तेव्हा मुलाचे आणि मुलीचे अशा दोन्हींवर सही करावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांला एकच काम सांगतो. आज घरी गेल्यावर आजोबांना किंवा आजीला विचारा, आपल्या जमिनीची हद्द कोठे आहे आणि तेथे कोणते झाड आहे. शक्य असेल तर त्यांचा हात धरून तेथवर चालत जा. मी विचारायला फार उशीर केला. तुम्ही करू नका.

 अल्लाह आपल्या मुलांना डोळस करो आणि ही जमीन त्यांच्या हाती सलामत ठेवो. आमीन.

खुदा हाफिज.