घरच्या आजार्‍याची शुश्रूषा आणि तिचा खर्च
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



उत्सव समितीनें मला बोलाविलें तें ग्रामाच्या जुन्या आठवणी सांगण्यासाठीं. त्या माझ्याहून अधिक गोडीनें सांगणारे वक्ते येथें बसलेले आहेत; म्हणून समितीची परवानगी घेऊन मीं विषय बदलून घेतला. आजार्‍यास इस्पितळांतून घरीं आणल्यावर त्याची शुश्रूषा कोणाला मिळूं शकते आणि तिचे पैसे कोठून यावे, एवढ्यापुरतेंच मी बोलणार आहें. उत्सवाच्या मंडपांत हा विषय कांहींसा रूक्ष वाटेल. पण आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं या क्षणीं कोणीतरी अंथरुणास खिळून आहे, आणि त्यांच्या उशाशीं एक माणूस मागें ठेवून आपण येथें आलां आहां, हें मला ठाऊक आहे.

आमच्या लहानपणीं घरांत सात-आठ माणसें असत. कोणी आजारी पडलें तर उठविणारे, भरविणारे हात घरांतच होते. कमी पडले तर शेजारणी येत. शिवाय आजारपण फार लांबत नसे. आतां औषधांनीं माणूस वांचतो, पण पुष्कळदां अंथरुणांत वांचतो. मुलें कोणी मुलुंडला, कोणी आखातांत, कोणी कॅनडांत. वाडींतलीं घरें मोठीं झालीं आणि माणसें थोडीं उरलीं.

माझ्या वडिलांना 2022 सालीं पक्षाघाताचा झटका आला. अकरा दिवस ठेवून घेतल्यावर डॉक्टर म्हणाले, "येथें करावयाचें तें झालें, आतां घरीं न्या." उजवें अंग लुळें, वाचा अस्पष्ट, लघवीला नळी, अन्नासाठीं नाकांतून नळी. तरीही माझ्या मनांत एक प्रकारची निश्चिंती होती. कारण अठरा वर्षें मीं आरोग्य विम्याचा एकही हप्ता चुकूं दिला नव्हता. इस्पितळाचें बिल विमा कंपनीनें बहुतेक सगळें भागविलेंही. खरी कथा घराच्या उंबरठ्यापासून पुढें सुरू झाली.

ब्यूरोची मावशी दिवसाच्या बारा तासांचे 900 रुपये घेई. म्हणजे महिन्याचे 27,000. रात्र आम्हीं घरच्यांनीं वांटून घेतली. त्यावर पलंगाचें भाडें, पाठीला जखमा होऊं नयेत म्हणून हवेची गादी, डायपर, आठवड्यांतून तीनदां फिजिओथेरपी, आणि नळी बदलावयास येणारी परिचारिका. तीन महिन्यांचा हिशेब जोडून मीं कंपनीकडे मागणी केली. बहुतेक सारी नामंजूर होऊन परत आली.

मी रागावलों. मग चष्मा लावून तें विमापत्र प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाचलें. त्यांत घरच्या उपचारांचें कलम होतें. इंग्रजींत त्याला डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन म्हणतात. नांव पाहून कोणालाही वाटेल कीं घरीं झालेला खर्च येथें मिळणार. प्रत्यक्षांत त्याचा अर्थ फार अरुंद आहे. आजार असा हवा कीं एरव्हीं तो इस्पितळांतच बरा करावा लागला असता. आणि तरीही रुग्ण घरीं राहिला याचें कारण दोनपैकीं एकच चालतें: त्याला हलविण्यासारखी स्थिति नव्हती, किंवा इस्पितळांत जागा नव्हती. शिवाय पुष्कळ विमापत्रांत उपचार तीन दिवसांहून अधिक चालावा लागतो, आणि दमा, मधुमेह, रक्तदाब यांसारखे आजार वगळलेले असतात. माझ्या वडिलांना तर इस्पितळानेंच घरीं पाठविलें होतें. दोन्हीं दारें आम्हांस बंद.

एक तिसरें दार मात्र उघडें होतें, आणि तें मींच निम्में लावून घेतलें. इस्पितळांतून सुटल्यावर ठराविक दिवसांपर्यंत त्याच आजाराचा औषधांचा, तपासण्यांचा, डॉक्टरांच्या फीचा खर्च मिळतो. आमच्या विमापत्रांत ते दिवस साठ होते. फिजिओथेरपीही त्यांत बसली असती. पण डिस्चार्जच्या कागदावर तिचा शब्द नव्हता, आणि फिजिओथेरपिस्टास मीं रोख पैसे देऊन पावती मागितली नव्हती. चांगला मुलगा होता, त्याच्याकडे पावती काय मागावयाची, असें वाटलें. तो संकोच मला बराच महाग पडला.

पण मावशीचे 27,000 कोणत्याच दारानें आले नसते, आणि माझ्या सांगण्याचा गाभा येथें आहे. घरच्या शुश्रूषेचे दोन भाग आहेत. जखम बांधणें, इंजेक्शन देणें, नळी बदलणें, लुळ्या हाताला व्यायाम देणें, हें शिकलेल्या माणसाचें वैद्यकीय काम. न्हाऊं घालणें, भरविणें, कूस बदलणें, मलमूत्र काढणें, हें अंगसेवेचें काम. पैसे देणारा कोणीही असो, पहिल्याची तो थोडीफार दखल घेतो आणि दुसर्‍यापुढें हात आखडतो. खर्च मात्र दुसर्‍याचाच अधिक, कारण पहिलें काम अर्ध्या तासांत होतें आणि दुसरें चोवीस तास चालू असतें.

ही केवळ आपल्याच देशाची रीत आहे असें समजूं नका. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत ते म्हणतात, तिकडे सरकार सर्व करतें. तेथील मेडिकेअर मुख्यतः 65 वर्षांवरील लोकांसाठीं आहे. रुग्णास घराबाहेर पडणें फार कष्टाचें असेल, परिचारिकेची वा फिजिओथेरपीची अधूनमधून गरज असेल, आणि डॉक्टरांनीं तपासून तसा लेखी हुकूम दिला असेल, तर परिचारिकेच्या भेटींचे पैसे रुग्णाला पडत नाहींत. पण चोवीस तासांची सोबत आणि नुसती घरकामाची मदत मेडिकेअरही देत नाहीं. तेंही पुन्हा तेथील पात्र नागरिकांस व दीर्घकाळ राहिलेल्या कायम रहिवाशांस. भेटीला गेलेल्या आईबापांस नव्हे.

आतां आपल्या सरकारी कार्डाविषयीं. आयुष्मान भारतची पंतप्रधान जन आरोग्य योजना 2018 च्या सप्टेंबरांत सुरू झाली आणि 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ती खुली झाली. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार, ही लहान गोष्ट नव्हे; ज्यांनीं अजून कार्ड काढलें नाहीं त्यांनीं आधार कार्ड घेऊन तें काढावें. खासगी विमा असला तरी चालतें. परंतु हें कार्ड दाखल झालेल्या रुग्णासाठीं आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि सुटल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच त्याचा घराकडचा पल्ला. कार्ड दाखविलें म्हणजे परिचारिका घरीं येईल, या भरंवशावर कोणी राहूं नये.

याउलट ज्याची फारशी कोणास वार्ता नाहीं असें एक साधन आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठीं 2010 पासून जो राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्यांत अंथरुणास खिळलेल्या वृद्धांना आरोग्य सेवकांनीं घरीं जाऊन पाहावें अशी तरतूद आहे. तिला पैसे पडत नाहींत. ती आपोआप येत नाहीं, हें खरें. आशाताईंना वा परिचारिकाबाईंना सांगावें लागतें, प्राथमिक आरोग्य केंद्रांत लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि माझ्या अनुभवानें तो दोनदां द्यावा लागतो.

गरीब कुटुंबांसाठीं श्रावणबाळ योजनेचें निवृत्तिवेतन आहे. 65 वर्षें वय आणि 21,000 रुपयांच्या आंतील वार्षिक उत्पन्न ही अट, आणि 2023 सालीं रक्कम महिना 1,500 झाली. त्यांत मावशी मिळत नाहीं, डायपर मिळतात. चाकाची खुर्ची, कुबड्या, वॉकर हे 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेंतून गरजू वृद्धांस मोफत मिळूं शकतात. उलट प्राप्तिकर भरणार्‍यांनीं लक्षांत ठेवावें: जुन्या करपद्धतीनें विवरण भरीत असाल आणि साठीच्या पुढील आईबापांचा विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावरील वर्षाला 50,000 रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते, मात्र पैसे रोख दिलेले नसावेत. येथेंही पावतीच.

कायद्याचा एक मुद्दा सांगतांना संकोच वाटतो. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा 2007 चा आहे. त्यांतील निर्वाहांत अन्नवस्त्राबरोबर वैद्यकीय शुश्रूषाही येते, आणि न्यायाधिकरण मुलांना महिना 10,000 रुपयांपर्यंत देण्यास लावूं शकतें. आपल्या ग्रामांतून तेथें कोणी जावें अशी माझी इच्छा नाहीं. पण ज्या मुलांनीं फोन उचलणें सोडलें आहे त्यांना या कायद्याचें नांव तरी ठाऊक असावें.

2020 च्या कोरोनाच्या सांथींत सर्व कंपन्यांनीं विकलेल्या 'कोरोना कवच' या विमापत्रांत घरच्या उपचारांचा चौदा दिवसांपर्यंतचा खर्च मिळे. अट अशी कीं डॉक्टरांचा सल्ला लेखी असावा आणि रोजच्या उपचाराचा तक्ता त्यांच्या सहीनें ठेवलेला असावा. आतां कांहीं विमापत्रांत घरच्या उपचारांचें असें वेगळें कलम असतें. म्हणून इस्पितळाची पायरी उतरण्यापूर्वीं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: परिचारिका किती वेळां, फिजिओथेरपी किती आठवडे, कोणतीं साधनें. घरीं गेल्यावर तोच कागद मागावयास चार चकरा होतात.

आणि अंगसेवेचें काय? केरळांत 1993 सालीं कोझिकोडे येथें वेदनाशामक शुश्रूषेची संस्था निघाली. तीतून पुढें असा क्रम वाढला कीं, गांवोगांवचे लोक वर्गणी जमवितात, स्वयंसेवक शिकून तयार होतात, आणि परिचारिका त्यांच्याबरोबर घरोघर जाते. रुग्णाकडून पैसे घेत नाहींत. 2008 मध्यें तेथील सरकारनें त्यासाठीं धोरणही केलें. आपल्याकडे परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या भगिनी किती आहेत, मोजून पाहा. सर्व भार त्यांच्यावर टाकावा असें मी म्हणत नाहीं. पण महिन्यांतून एक रविवार दोन तास कोणी आजार्‍यापाशीं बसलें, तर त्या घरची स्त्री बाहेरची हवा तरी पाहील.

हें मी माझ्या पत्नीकडे पाहून म्हणतों. ती येथें पुढें बसली आहे आणि मीं हें बोलावें हें तिला आवडणार नाहीं. आम्हीं भावंडांनीं एका संध्याकाळीं बसून बाबांचा खर्च चौघांत अगदीं पै-पैसा वांटला; कोणीं कुरकुर केली नाहीं. रात्रीं दोन वाजतां कूस कोण बदलणार, हें कोणीं विचारलें नाहीं. तिनें शिकवणीचे वर्ग बंद केले, तें माझ्या हिशेबाच्या वहींत कोठेंही लिहिलेलें नाहीं. चौदा महिने तें चाललें. बाबा गेले त्यानंतर वही चाळतांना ती उणीव माझ्या लक्षांत आली.

समितीजवळ मीं एवढेंच मागितलें आहे कीं, महोत्सवाच्या निधींतून चार पलंग, दोन चाकांच्या खुर्च्या आणि कांहीं हवेच्या गाद्या घेऊन सभागृहामागच्या खोलींत ठेवाव्या. ज्याला लागेल त्यानें नेऊन परत आणाव्या. निर्णय त्यांचा आहे. पहिला पलंग माझ्याकडे आहे. भाडें देऊन कंटाळल्यावर मीं तो विकतच घेतला होता. अजून आमच्या ओटीवर उभा आहे. डोक्याकडची बाजू वर करण्याची कळ थोडी कठीण फिरते, गादीचा पंप बिघडला आहे, तो या आठवड्यांत दुरुस्त होईल. न्यावयास दोन माणसें आणि एक टेम्पो लागेल; टेम्पो मी देतों.