तंटामुक्तीचा पैसा



एस. टी.ने आपण महाराष्ट्रात कोठेही निघालात, तर गावाच्या कमानीवर नाही तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ‘तंटामुक्त गाव’ ही अक्षरे आपल्याला कोठे ना कोठे दिसतीलच. बऱ्याच ठिकाणी आता रंग उडाला आहे, एखादे अक्षर पावसाने धुऊन गेले आहे. त्या अक्षरांमागे सरकारचा पैसा होता. गावात गुन्हा घडू नये, घडलेले भांडण गावातच मिटावे, म्हणून दिलेला पैसा. त्याने काय साधले आणि काय बिघडवले, हे मी जवळून पाहिले आहे. आमच्या गावच्या समितीची नोंदवही लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मास्तर म्हटला की लिहिण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडते, हे शिक्षक बंधुभगिनींना निराळे सांगावयास नको.

आधी तंटा कसा उभा राहतो ते पाहू. दोन शेतांच्या मध्ये एक बांध असतो. पलीकडच्याने नांगरताना एक तास जास्त धरले. पुढच्या साली आणखी एक. याला आपण बांध कोरणे म्हणतो. दहा वर्षांनी दोन हात रुंदीचा बांध वीतभर उरतो, आणि मग एके दिवशी सकाळी कोणाच्या तरी हातात कुऱ्हाड येते. डोके फुटते. दोन्हीकडून फिर्याद होते, दोन्हीकडची माणसे आरोपी होतात. त्यानंतर तारखा. तारीख म्हणजे वकिलाची फी, एस. टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि तालुक्याच्या हॉटेलातला चहा. दोन्ही पक्ष एकाच गाडीने जातात, एकाच गाडीने परत येतात, आणि गाडीत एकमेकांकडे पाठ करून बसतात! ज्या जमिनीवरून हे चालले तिच्यात वर्षाला पायलीभर ज्वारीसुद्धा पिकत नाही.

अशी भांडणे गावात मिटविण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा बसत असे, वतनाचा वा शेताच्या शिवेचा वाद ऐकत असे, आणि निर्णयाचा कागद होई त्याला महजर म्हणत. आता हे ऐकून कोणी म्हणेल, झकास होते मग! तर तसे नव्हे. त्या सभेत विधवा बाईचे किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाचे कितीसे चालत असेल, याचा विचार करावा. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. त्या वेळी गृहखाते आर. आर. पाटील यांच्याकडे होते. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे हे गृहस्थ. ग्रामविकास खाते त्यांच्याकडे असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले होते. गावांची स्पर्धा लावावी, तपासणी करावी आणि बक्षीस द्यावे, ही त्या अभियानाची युक्ती. तीच भांडणांना लावून पाहिली. ग्रामसभेने समिती निवडावयाची. तीत सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, गावातले जाणते लोक आणि स्त्रिया. समितीने गावातल्या तंट्यांची नोंद करावयाची. दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर असे त्यांचे प्रकार पाडावयाचे. मग एकेका तंट्यातल्या दोन्ही बाजूंना बोलावून समजूत घालावयाची. शेवटी बाहेरून तपासणी होऊन गुण पडावयाचे.

बक्षीस लोकसंख्येप्रमाणे होते. हजारापर्यंत वस्तीच्या गावाला १ लाख रुपये, हजार ते दोन हजारांच्या गावाला २ लाख, असे चढत चढत मोठ्या गावाला १० लाखांपर्यंत. फार चांगले गुण मिळविणाऱ्या गावास याच्यावर चौथा हिस्सा आणखी. पैसा ग्रामपंचायतीकडे येई. ज्या गावाची घरपट्टी धड वसूल होत नाही, त्याला २ लाख म्हणजे काय, हे तुम्हीच मनाशी आणा.

आमच्या गावात पहिल्या वर्षी बरीच भांडणे मिटली. खरोखर मिटली, वहीपुरती नव्हेत. त्यातले बांधाचे एक भांडण दोघा चुलत भावांचे होते, बाराएक वर्षे जुने. समितीतल्या एका म्हाताऱ्या आबांनी दोघांना देवळात नाही, चावडीत नाही, त्या बांधावरच नेऊन बसविले. म्हणाले, “मोजणी आणू. फी दोघांनी निम्मी निम्मी भरायची. निघेल ती हद्द, आणि आजच तसं लिहून द्यायचं.” भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार आला, खुणा पडल्या, दगड रोवले. मोजणीत निघाले असे की, दोघेही थोडे थोडे चुकीचे होते. यामुळे बरे झाले. एकटाच खोटा ठरता तर समझोता टिकला नसता.

मात्र नुसत्या कागदावर अंगठे घेऊन काम संपत नाही, हे आम्हाला उशिरा कळले. न्यायालयात दावा चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत नेऊन नोंदवावी लागते. लोकअदालत विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे भरते, आणि हा कायदा १९९५ पासून अमलात आहे. तेथे झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो. दाव्यासाठी भरलेली कोर्ट फी परत मिळते. त्या निवाड्यावर अपील नाही, हेही पक्के ध्यानात ठेवा. सही करण्यापूर्वी घरी जाऊन विचार करा, बायकोला विचारा, मुलाला विचारा. मग सही करा. वाट अडविल्याचे भांडण असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे जाता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कित्येक शेतकरी ‘बघू, सुगी होऊ द्या’ म्हणून थांबतात आणि मुदत घालवून बसतात.

येथपर्यंत सगळे गोड आहे. आता जे बोलावयाचे ते मला जड जाते.

दुसऱ्या वर्षी तपासणी तोंडावर आली होती. मिटलेले तंटे जितके जास्त आणि ठाण्यातल्या नव्या नोंदी जितक्या कमी, तितके गाव पुढे, असा सर्वांचा हिशेब. एक बाई समितीपुढे आली. नवरा दारू पिऊन मारीत होता. ओठ फुटलेला होता. तिला ठाण्यात जावयाचे होते. कोणीतरी म्हणाले, “पोरी, एवढे आठ दिवस थांब. आता गेलीस तर साऱ्या गावाचं बक्षीस जाईल. आम्ही त्याला समज देतो की.” दुसऱ्याने मान हलविली. नवऱ्याला बोलावले, त्याने खाली मान घालून ‘चुकलो’ म्हटले. मी वहीत लिहू लागलो. बाईने मला विचारले, “गुरुजी, काय लिहिताय?”

मी ‘आपसांत समझोत्याने मिटला’ असे लिहीत होतो. मी तिला उत्तर दिले नाही. वाक्य पुरे केले.

दोन महिन्यांनी तिचा हात मोडला. तेव्हा मी आणि शाळेतल्या बाई तिच्याबरोबर तालुक्याला गेलो. त्या आधीही जाता आले असते. तो रकाना आजही माझ्या अक्षरात आहे.

म्हणून सांगतो, कोणता तंटा गावात मिटवावयाचा आणि कोणत्याला हात लावावयाचा नाही, याची रेघ कायद्याने आखलेली आहे. फौजदारी गुन्ह्यांत काही तडजोडीस पात्र असतात, काही नसतात. पूर्वी ही यादी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. खून, बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, अनुसूचित जातीजमातींवरील अत्याचार यांत समितीला, सरपंचाला, कोणालाच ‘मिटवून घ्या’ म्हणण्याचा अधिकार नाही. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात संरक्षण अधिकारी असतो, आणि दंडाधिकारी नवऱ्याला मनाई करू शकतो, बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क देऊ शकतो. आणि समितीच जातपंचायतीसारखी वागू लागली, कोणाचे पाणी नि विस्तव बंद करू लागली, तर तो २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा होतो. हा कायदा आपल्या राज्याने केला, आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आहे.

आता पैशाविषयी माझे मत. बक्षीस आणि अनुदान यांत फरक आहे. अनुदान काम करण्यासाठी आधी मिळते. बक्षीस काम झाल्यावर मिळते, म्हणून काम झालेले दिसावे असा मोह होतो. आमच्या समितीला बसावयास जागा नव्हती, मोजणीची फी भरण्यास गरिबाकडे पैसा नव्हता, आणि बाईला तालुक्याला न्यावयाचे तर भाडे कोणी द्यावयाचे हा प्रश्न होता. त्या वेळी हजार रुपये हाती असते तर नंतरच्या लाखांपेक्षा जास्त उपयोग झाला असता. बक्षिसाची रक्कम आली तेव्हा ती कशावर खर्चावी यावरून गावात जे रण माजले, ते पुढच्या वर्षीच्या वहीत नोंदवावे की काय असे मला वाटू लागले! शेवटी शाळेचे कुंपण झाले आणि रस्त्यावर दिवे लागले. दिव्यांचा उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अंधारातल्या छेडछाडीच्या आणि विहिरीवरच्या मोटारी चोरीला जाण्याच्या तक्रारी आमच्याकडे कमी झाल्या.

आधी पैसा देण्याची तऱ्हाही सरकारने करून पाहिली आहे. ग्रामन्यायालय कायदा २००८ साली झाला आणि २ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आला. न्यायाधिकाऱ्याने तालुक्याला बसून न राहता गावोगावी जाऊन लहान खटले चालवावे, ही कल्पना. केंद्र सरकारने एका ग्रामन्यायालयामागे उभारणीसाठी एकदाच १८ लाख रुपयांपर्यंत, आणि चालविण्याच्या खर्चासाठी पहिली तीन वर्षे दर साल ३ लाख २० हजारांपर्यंत मदत देऊ केली. कागदावर उत्तम. पण चौथ्या वर्षी पगार, गाडी, डिझेल यांचा बोजा राज्यावर येणार, हे प्रत्येक राज्याला दिसत होते. त्यामुळे ठरविली होती तितकी न्यायालये देशात उभी राहिलीच नाहीत. विहिरीला पैसे द्यावे आणि दोराला देऊ नयेत, तसे झाले.

तंटामुक्तीच्या मोहिमेचा पहिला जोरही पुढे ओसरला. तरी ग्रामसभा आहे, पोलीस पाटील आहे, आणि ज्यांनी भांडणे मिटविली ती माणसेही गावोगाव आहेत. आपल्या गावात अशी समिती असेल, किंवा नव्याने बसवावयाची असेल, तर वही लिहिणाऱ्या शिक्षकांना माझी एक सूचना आहे. ‘मिटला’ आणि ‘न मिटला’ एवढे दोनच रकाने आखू नका. आणखी तीन आखा. तक्रार कोणी आणली, त्याला किंवा तिला काय हवे होते, आणि सहा महिन्यांनी जाऊन पाहिले तेव्हा काय दिसले. तिसरा रकाना भरण्यासाठी खरोखर जाऊन पाहावे लागते, वहीसमोर बसून तो भरता येत नाही.

आणि ज्याला कोणाला समितीपुढे जावयाचे नसेल त्याने थेट तालुक्याच्या न्यायालयात जावे. तेथे तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीजमातींचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेली माणसे यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. दावा दाखल होण्यापूर्वीची भांडणेही लोकअदालतीपुढे ठेवता येतात. दूरध्वनीवर विचारावयाचे असल्यास १५१०० हा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. अर्ज साध्या कागदावर, मराठीत लिहिलेला चालतो. लिहिता येत नसेल तर तेथल्या माणसाने तो लिहून घ्यावयाचा असतो आणि तुम्हाला वाचून दाखवावयाचा असतो. काय लिहिले आहे, हे अवश्य विचारा.