मसुराचा दाणा



आज घरांत मसुराची आमटी व्हावयाची असेल, तर डबा झांकण्यापूर्वीं त्यांतील एक अखंड दाणा तळहातावर घेऊन पाहावा. वाटोळा, दोन्ही अंगांनीं फुगीर, कडेला पातळ. एवढ्याशा या आकारानें दूरदूरच्या दोन भाषांना अगदीं निराळ्या वस्तूंचीं नांवें पुरविलीं आहेत.

'मसूर' हा शब्द संस्कृतांतून जसाच्या तसा मराठींत आला. तो किती जुना, हें ज्या घरीं रुद्राचें आवर्तन होतें तेथें सहज कळावें. चमकांतील धान्यांच्या यादींत गव्हाच्या लगतच मसूर येतो. रोमन लोक या दाण्यास 'लेन्स' म्हणत. सतराव्या शतकापर्यंत युरोपांतील विद्वानांनीं फुगीर कांचेस तेंच नांव दिलें, कारण ती कांच मसुरासारखी दिसे. चष्म्याच्या दुकानांत 'लेन्स' मागणारा गृहस्थ मसूरच मागत असतो, हें दुकानदारासही ठाऊक नसतें!

आमच्या वैद्यांनीं मात्र हा दाणा रोग्याच्या अंगावर पाहिला. तेथें उठलेल्या फोडांवरून त्यांनीं रोगास 'मसूरिका' म्हटलें. सुश्रुतसंहितेंत हें नांव आहे. माधवनिदानांत तर तिचें स्वतंत्र प्रकरण आहे. लॅटिनमध्येंही याच दाण्यावरून कातडीवरील डागास 'लेन्टिगो' म्हणत, पण तो डाग निरुपद्रवी. मसूरिका तशी नव्हती. मराठी घरांत वैद्यांचें हें नांव कोणी घेत नसे. 'देवी आल्या' एवढेंच म्हणत. जातांना त्या तोंडावर वण ठेवीत, आणि बुबुळावर फूल पडून कित्येकांचे डोळे कायमचे जात. एका भाषेंत ज्या दाण्याच्या नांवानें दृष्टीला साह्य करणारी कांच ओळखली गेली, त्याच दाण्याच्या नांवाचा रोग दुसरीकडे दृष्टि हिरावून घेत होता.

भारतांतील पहिली देवीची लस १८०२ सालच्या जूनमध्यें मुंबईस एका तीन वर्षांच्या मुलीस टोंचण्यांत आली. पुढें 'देवी काढणें' हा शब्दप्रयोग घरोघर झाला. १९७५ सालानंतर येथें हा रोग राहिला नाहीं, आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तो पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें. दंडावर लशीचे वण असलेलीं वडील माणसें अजून पुष्कळ घरांत आहेत. नातवंडें त्या वणांविषयीं विचारतात, तेव्हां 'देवी काढल्या होत्या' हें उत्तर त्यांना समजत नाहीं.