शिक्षा कोठे संपते?



तुरुंगातून सुटलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो रात्री राहायचे कोठे, हा. अमेरिकेत भाडेकरूंचा पूर्वेतिहास पुरविणे हा एक स्वतंत्र धंदा होऊन बसला आहे. नावापुढे जुना खटला दिसला की अर्ज बाजूला पडतो. न्यायालयाने दिलेली शिक्षा मुदतीची असते. घरमालक देतो ती बेमुदत.

या बेमुदत शिक्षेला मर्यादा घालणारा कायदा न्यू जर्सी राज्याने २०२१ साली केला व १ जानेवारी २०२२ पासून तो अमलात आला. काही थोडे अपवाद सोडले, तर घर देऊ करण्यापूर्वी मालकाला गुन्ह्यांविषयी विचारता येत नाही. नंतर विचारता येते. परंतु जेथे दोष सिद्ध झाला नाही अशी अटक विचारात घेता येत नाही. खुनासारखे अतिगंभीर गुन्हे वगळता पहिल्या श्रेणीच्या गुन्ह्यासाठी ६ वर्षे, दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीसाठी ४ आणि चौथ्या श्रेणीसाठी १ वर्ष मागे पाहण्याची मुभा आहे. नकाराचे कारण लेखी द्यावे लागते.

शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेचे काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण हा कायदा आंधळा विश्वास मागत नाही; प्रत्येक माणसाचा वेगळा विचार करा, एवढेच सांगतो. शिवाय ज्याला पत्ता नाही, त्याला काम मिळणेही कठीण. अशा माणसाला रस्त्यावर ठेवून समाज सुरक्षित कसा होणार?

तथापि केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही. सिॲटल शहराने २०१७ साली अशा चौकशीवरच बंदी घातली. २०२३ साली संघीय अपील न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर घटनाबाह्य ठरविली. आणि कायदा टिकला तरी, एका खोलीसाठी दहा अर्ज येतात तेथे मालकाला दुसरी सबब सहज सापडते. टंचाई हेच त्याचे खरे सामर्थ्य आहे. म्हणून भेदभावबंदीला सार्वजनिक घरबांधणीची जोड हवी.

आपणही दूरच्या देशाचे न्यायाधीश होऊन थांबू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून शिक्का मारण्याची रीत पाडली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पारध्याला खोली नाकारणाऱ्या मनातून तो अजून गेलेला नाही. तेथे तर गुन्हाही घडलेला नसतो! कार्यकर्त्यांनी ही लढाई प्रथम आपल्या गल्लीत लढावी, एवढीच माझी विनंती आहे.