शेजारच्या खोलीत न पोचणारी माहिती

गिरणाकाठच्या ज्या भडगावात केशवसुतांनी काही काळ शिक्षकी केली, आणि ज्या खानदेशात अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुलांच्या अभ्यासाइतकीच त्यांच्या आजारपणाची काळजी वाहिली, तेथे जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अंगणवाडी, आरोग्य, शिक्षण व बालसंरक्षण या क्षेत्रांच्या प्रतिनिधींचे हे अधिवेशन भरावे हे सर्वार्थाने उचित आहे.

अध्यक्षांनी क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या मुळाशी असलेली अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्याआधी तीन दशके, 1945 पासून, बोर्डीत व पुढे कोसबाडला रुजवली होती. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा स्वयंसेविका आली. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, म्हणजे जन्मजात व्यंगे, पोषक घटकांची कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब हेरण्यासाठी अंगणवाड्या व शाळांतून मुले तपासणारी फिरती पथके निघाली. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने बालकल्याण समितीची व जिल्हा बालसंरक्षण कक्षाची चौकट पक्की केली. नोंदींच्या बाजूने पाहिले तर 2015 मध्ये शाळांसाठी ‘सरल’ आणि 2021 मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ आला. आढावा एवढ्यावर थांबवणे इष्ट आहे, कारण यांतील प्रत्येक योजनेचा अहवाल उपस्थितांपैकी कोणीतरी दरमहा भरतच असतो, आणि सभागृहापुढे मांडण्याची मुख्य तक्रार नेमकी त्या अहवालांविषयीच आहे.

ती तक्रार अशी: खेड्यातील मुलाविषयीची माहिती वर जाते, शेजारी जात नाही. अंगणवाडी सेविकेने घेतलेले वजन पर्यवेक्षिकेकडे, प्रकल्प कार्यालयाकडे, जिल्हा परिषदेकडे आणि तेथून मंत्रालयाकडे जाते; आरोग्यसेविकेची लसीकरणाची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जाते; शिक्षकाची हजेरी केंद्रप्रमुखाकडून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जाते. परंतु एकाच ओसरीवर बसणाऱ्या या तिघांना एकमेकांच्या वहीत काय लिहिले आहे हे विचारण्याची सक्ती नाही, सवड नाही आणि पुष्कळदा परवानगीही नाही. रिक्त पदे, तुटपुंजे मानधन, वेळेवर न येणारा आहार ही दुखणी खरीच आहेत आणि त्यांवर ठराव व्हावेत. तरीही मुलाच्या वाट्याला जेवढ्या सेवा आजमितीस आल्या आहेत, त्यांतल्या कितीतरी केवळ या एका कारणाने वाया जातात.

खानदेशात या दोषाची किंमत अधिक आहे, कारण येथील सर्वांत वंचित मूल वर्षभर एका गावात राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या तालुक्यांच्या तांड्यांवरून आणि भिल्ल वस्त्यांवरून, तसेच साक्री-नंदुरबारकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, आणि त्यांच्याबरोबर जाणारी मुले कोणत्याच हिशेबात धरली जात नाहीत. ती पश्चिम महाराष्ट्रातील व गुजरातेतील कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाच-सहा महिने काढतात. दुसरीकडे सातपुड्यातून उतरलेली पावरा व बारेला कुटुंबे केळीच्या आणि कपाशीच्या शेतांवर सालदार किंवा राखणदार म्हणून राहतात. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला शेतगडी, आणि त्याचे साल बहुधा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पालटते. साल पालटले की मालक बदलतो, शिवार बदलते, आणि घरी पावरी बोलणारे मूल नव्या गावच्या मराठी शाळेत कोणतीही पूर्वपीठिका न घेता उभे राहते, किंवा उभेच राहत नाही.

या वास्तवाकडे पाठ फिरवून केलेल्या मोजणीचे उदाहरण म्हणून 4 जुलै 2015 रोजी राज्यभर एका दिवसात झालेल्या शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाकडे पाहावे लागते. जुलैच्या आरंभी कारखान्यांचे गाळप बंद असते, टोळ्या गावी परतलेल्या असतात, पेरणीच्या दिवसांत कुटुंब घरी असते आणि मुलाचे नाव पटावर असते. ते मूल शाळेत आहे असे लिहिणाऱ्या प्रगणकाने खोटे काहीच लिहिलेले नसते. तेच मूल जानेवारीत ऊसतोडीच्या फडावर असते, आणि जानेवारीत त्याला मोजायला कोणी येत नाही. गावच्या वहीत त्या महिन्यांपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. कोठे, कोणाबरोबर, किती दिवसांसाठी आणि तेथे त्याला कोण पाहणार, यांपैकी काहीही न सांगणारा हा शेरा ही आपल्या व्यवस्थेने मुलाची जबाबदारी खाली ठेवण्याची सर्वमान्य रीत झाली आहे, आणि तिचा निषेध या व्यासपीठावरून स्पष्ट शब्दांत नोंदवला गेला पाहिजे.

माहिती शेजारी न गेल्याने काय होते हे प्रस्तुत अध्यक्षांनी बालविकास प्रकल्पातील प्रदीर्घ नोकरीत वारंवार पाहिले आहे. त्यांतील एक प्रसंग सांगणे पुरेसे आहे. गिरणेच्या पट्ट्यातील एका गावी अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होत्या. तपासणी पथकाने अंगणवाडीतील एका मुलाचा कान सतत वाहतो, त्याला कमी ऐकू येते, असे लिहून पुढील तपासणीची चिठ्ठी दिली. वडील फडावर होते, चिठ्ठी आजीजवळ राहिली, आणि पथकाच्या दप्तरी ‘संदर्भित’, म्हणजे वरच्या रुग्णालयाकडे पाठवलेले, एवढी नोंद होऊन ते प्रकरण पूर्ण मानले गेले. मूल पहिलीत गेले. तेथील कष्टाळू शिक्षकाने त्याला मागच्या रांगेत बसवले, लक्ष देत नाही असा शेरा मारला आणि दुसरीत गेल्यावर मंदगती मुलांच्या यादीत घातले. एकच भिंत ओलांडली असती तर कळले असते की मुलाला शिकवलेले ऐकूच येत नव्हते. अखेर बाजाराच्या दिवशी सेविकेची आणि शिक्षकाची सहज गाठ पडली, बोलण्यात कानाचा विषय निघाला, आणि मग आठवडाभरात मूल जिल्हा रुग्णालयात पोचले. दोन शैक्षणिक वर्षे गेली ती गेली. ज्या व्यवस्थेत असे मूल आठवडी बाजारातील योगायोगावर अवलंबून राहते, तिच्या अहवालांतील शंभर टक्क्यांचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

या विषयावर सहकाऱ्यांत तीन वाद चालतात. पहिला वाद साधनाचा आहे: एकच विशाल संगणकीय प्रणाली उभारून प्रत्येक मुलाला एक क्रमांक दिला की प्रश्न सुटेल, असे तरुण सहकारी मानतात. याच विश्वासाने इंग्लंडने काय केले ते पाहण्याजोगे आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही आठ वर्षांची मुलगी सांभाळ करणाऱ्यांच्या छळाने मरण पावली; समाजसेवा विभाग, पोलीस आणि रुग्णालये या सर्वांच्या नजरेखालून ती गेली होती, परंतु कोणीही तुकडे जुळवले नाहीत, हे लॉर्ड लॅमिंग यांच्या 2003 च्या चौकशी अहवालाने दाखवून दिले. त्यानंतर सर्व मुलांची नोंद असणारी ‘कॉन्टॅक्टपॉइंट’ ही प्रणाली वीस कोटींहून अधिक पौंड खर्चून 2009 मध्ये वापरात आली, आणि खासगीपणाच्या आक्षेपांमुळे सरकार बदलताच ऑगस्ट 2010 मध्ये बंद झाली. महाराष्ट्रातही स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी ‘महा-एमटीएस’ ही प्रणाली आली आहे आणि तिचे स्वागतच आहे. मात्र जेथे फडावर मोबाइलला संपर्क मिळत नाही, सेविकेच्या यादीतील नाव आणि आधारवरील नाव जुळत नाही, आणि कोपीत जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखलाच नसतो, तेथे प्रणाली आंधळी होते.

हा पहिला वाद मिटवण्यासाठी प्रस्तुत अध्यक्षांच्या पाहण्यातील एक आई पुरेशी आहे. तिचे अक्षरज्ञान सहीपुरतेच होते, पण तिने माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे गरोदरपण, लसी आणि बाळाची वाढ यांची नोंद असलेली पुस्तिका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत जपली होती. तीन जागी तिच्या मुलीच्या तीन वेगळ्या नोंदी झाल्या होत्या. परगावच्या आरोग्यसेविकेला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिला आहे हे कळले ते त्या कार्डावरून. सिकलसेल या रक्तदोषासाठी रुग्णाला लाल आणि वाहकाला पिवळे कार्ड देण्याची राज्यातील पद्धतही याच कारणाने उपयोगी पडते, आणि स्थलांतरित विद्यार्थ्याला नव्या गावी प्रवेश मिळावा म्हणून निघालेले शिक्षण हमी कार्ड त्याच विचाराचे आहे. माहिती कुटुंबाच्या हातात असावी. यंत्र तिच्या मागून यावे.

दुसरा वाद गुप्ततेचा आहे, आणि तो हलका नाही. बाल न्याय अधिनियमाचे कलम 74 प्रकरणातील मुलाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास मनाई करते. ‘सगळ्यांना सगळे सांगा’ या उत्साहाला त्या कलमामागच्या विचाराने लगाम घातलाच पाहिजे. आखाजीच्या मुहूर्तावर ठरलेला एक बालविवाह कळवणाऱ्या मुलीचे नाव कार्यालयातून संध्याकाळपर्यंत गावात फुटले, आणि त्या मुलीला पुढे शाळा सोडावी लागली, ही घटना या भाषणकर्त्याच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. त्यातून निष्कर्ष निघतो तो मौनाचा नाही. मूल आले, गेले, कोठे गेले हे गावातील सर्व सेवकांना कळावे; आजार व अपंगत्व उपचार करणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला कळावे; हिंसा, अत्याचार आणि घरातील कलह मात्र बालसंरक्षण यंत्रणेबाहेर जाऊ नयेत. कान वाहतो हे शिक्षकापासून लपवणारी गुप्तता मुलाच्या कोणत्याच कामाची नाही.

तिसरा वाद, समन्वय कोणी करावा, हा सर्वांत निष्फळ आहे. गावात ग्राम बालसंरक्षण समिती आहे, तिचे अध्यक्ष सरपंच आणि सचिव अंगणवाडी सेविका. शाळा व्यवस्थापन समिती आहे. आरोग्य व पोषणाची समिती आहे. बहुतेक गावांत या तिन्हींवर तीच पाच-सात माणसे असतात आणि तीन इतिवृत्ते लिहितात, तरी कोणत्याही इतिवृत्तात एका मुलाचे नाव घेऊन त्याचे पुढे काय झाले हे लिहिलेले सापडत नाही. समितीचे नाव कोणतेही चालेल; बैठकीत मुलांची नावे उच्चारली गेली पाहिजेत, आणि प्रत्येक नावापुढे पाठपुरावा करणाऱ्या एका माणसाचे नाव लिहिले गेले पाहिजे. 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी दप्तरात न आलेले बालमृत्यू गावोगाव नोंदवून समोर ठेवले, ते काम गावातल्या माणसांनी नाव घेऊन, घर गाठून केले म्हणूनच उभे राहिले.

पुढील कामाविषयी सभागृहाची अपेक्षा असणार. या वर्षी भडगाव परिसरातील काही गावे निवडून तेथे दसऱ्यापूर्वी, टोळ्या निघण्याच्या आधी, सेविका, आशा आणि शिक्षक यांनी एकत्र बसून जाणाऱ्या मुलांची एकच यादी करावी, मुकादमाकडून कारखान्याचे नाव घ्यावे, आणि त्या भागातील अंगणवाडीला व शाळेला पत्र पाठवावे, असे योजले आहे. नमुना, खर्च आणि गुजरातेतील कारखान्यांशी पत्रव्यवहार कोणत्या भाषेत व कोणाच्या सहीने करायचा, हे दुपारच्या सत्रात ठरवावे. दसऱ्याला फार दिवस उरलेले नाहीत, आणि मुकादमांनी उचल वाटायला सुरुवातही केली आहे.