पोरांची पहिली काठी

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या खाडीच्या जेटीवर संध्याकाळी गरवायला पोरांची रांग लागते. गेल्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईने विचारलं, "माझ्या दहा वर्षांच्या लेकीला रिळाची काठी हवीय. स्वस्तातली कुठली घेऊ?" मी तिला आधी माझी चूक सांगितली.

दोन वर्षांपूर्वी मी भाच्याला हौसेने कार्बनची काठी आणली. हलकी, दिसायला झोकदार, आणि महाग. पहिल्याच दिवशी रिक्षाचं दार लागून शेंडा मोडला. मी एक शब्द बोलले नाही, पण किंमत त्याला ठाऊक होती. पुढे कितीतरी दिवस तो जेटीकडे फिरकला नाही. म्हणून सांगते, पहिली काठी अशी घ्यावी, की हातात धरताना पोराला तिची भीती वाटू नये.

अशी काठी म्हणजे फायबर ग्लासची. ती कार्बनपेक्षा थोडी जड असते, पण वाकते जास्त आणि आपटली तरी सहसा तुटत नाही. लहान मासा लागला तरी ती छान वाकते, त्यामुळे पोराला मजा येते. साधी काठी हजार रुपयांच्या आत मिळते. रीळ वेगळं घ्यावं लागतं.

लांबी पाच-सहा फूट पुरे. मोठी घेतली तर पोराचं मनगट दुखतं. घडीची काठी पिशवीत मावते, पण तिच्या नळ्यांत वाळू गेली की अडकतात. दोन तुकड्यांची बरी.

दुकानात जाताना कापसाचा बोळा न्या. काठीवरच्या प्रत्येक कडीतून तो आतल्या बाजूने फिरवा. धागा अडकला तर कडी चिरलेली आहे, ती तंगूस कापणार. दोन्ही तुकडे जोडून हलवून बघा, सांधा खुळखुळायला नको. रीळ बसवून काठी पोराच्याच हातात द्या. रीळ काठीच्या खाली लटकलं पाहिजे. नवखी मुलं ते उलटं धरतात. तंगूस पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची चालेल.

आता जपायच्या गोष्टी. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. बोटात रुतली तर सहज निघते. गरी फेकण्याआधी मागे कोण आहे ते बघायची सवय लावा. शेंगाळा लागला तर पोराने हात लावायचा नाही, त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. गरी कांदळवनात अडकली तर काठीने हिसके देऊ नयेत. काठी खाली ठेवून, हाताला फडकं गुंडाळून तंगूस ओढावी. तुटलेली तंगूस घरी आणायची, पाण्यात टाकली की पक्ष्यांचे पाय अडकतात. विजेच्या तारांखाली किंवा गडगडाट होत असताना कुठलीच काठी उभी धरायची नाही. आणि पोहता येत असलं तरी सोबत मोठं माणूस हवंच.

घरी आल्यावर काठी, रीळ गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. खाऱ्या पाण्याने आधी रीळ आणि कड्या गंजतात.

त्या ताईने काठी घेतली. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "पोरीला कशाला गं काठी?" ताई म्हणाली, "काका, मासे विकायचे तर आम्हीच विकतो. मग पकडायला का नको?" काका हसले. दुसऱ्या संध्याकाळी तेच तिला गरीला कोळंबी कशी लावायची ते शिकवत बसले होते. तिला मासा मिळाला नाही. काठी मात्र दोनदा कातळावर आपटली आणि शाबूत आहे. ती उद्या पुन्हा जाणार आहे.